आधी स्क्रू बघायचे

काकूंनी मला खोली भाड्याने देण्याआधी माझ्या बुटांच्या नाड्या पाहिल्या. मी नागपूरहून मेलबर्नला शिकायला आलेली, दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर घेऊन पॉइंट कुकमधल्या त्यांच्या दारात उभी. आणि या बाई नावगाव विचारायचं सोडून कमरेत वाकून माझ्या पायांकडे बघत होत्या. मग सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "गाठ नीट मारतेस. ये आत." मटण शिजवलेलं चालेल का, मैत्रिणी राहायला आल्या तर चालतील का, असे कितीतरी प्रश्न मी वाटेत घोकून आले होते. त्यातला एकही विचारायची वेळ आली नाही.

त्या घराच्या मागच्या खोलीत मी पुढची काही वर्षं राहिले. आता मी ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला असते. स्वतःचं घर आहे, नवरा आहे, अंगणात कढीपत्ता आहे. पण अजूनही नवीन माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या बुटांवर जाते, आणि मग मला एकटीलाच हसू येतं.

तिथल्या मराठी मंडळातले लोक काकूंना पाठीमागे 'बंदूकवाल्या काकू' म्हणत. तोंडावर म्हणायची सोय नव्हती, कारण काकू लगेच दुरुस्त करत. बंदूक नव्हे, रिव्हॉल्व्हर. आणि रिव्हॉल्व्हर म्हणजेही सगळी नाहीत, फक्त जुनी, रिमफायर जातीची. समोरच्याला फरक कळत नसे. मग काकू त्याला हाताला धरून बाजूला घेत आणि समजावू लागत, तोवर त्याच्या ताटातली पुरी गार होऊन जाई. नंतरच्या काडतुसांत पेटवणारा मसाला बुडाच्या मध्यभागी असतो. रिमफायरमध्ये तो बुडाच्या गोल किनारीत भरलेला असे. रिव्हॉल्व्हरचा हॅमर त्या किनारीवर टोला मारायचा आणि बार उडायचा. या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या मापाची तशी काडतुसं बनवणं कारखान्यांनी कधीचंच सोडून दिलं, त्यामुळे काकूंची लाडकी रिव्हॉल्व्हरं आता कुणावर चालण्याची भीती नव्हती. "म्हणूनच मला आवडतात," त्या म्हणत. "पेन्शनीत निघालेली आहेत. आता कुठे त्यांच्याशी निवांत बोलता येतं."

त्यांचं स्वतःचं सगळं रीतसर होतं. लायसन्स, भिंतीला बोल्टने पक्की केलेली तिजोरी, अधूनमधून तपासणीला येणारे पोलीस. पोलीस आले की काकू त्यांना चहा आणि चिवडा देत, आणि तिजोरी उघडण्याआधी त्यांच्याही बुटांकडे बघून घेत.

मुळात त्या पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होत्या. सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा, आणि नापास असेल तर साहेबाच्या तोंडावर नापास म्हणायचा, हे त्यांचं काम. इथे आल्यावर मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या एका कारखान्यात त्यांना तेच काम मिळालं. तिथला फोरमन जुन्या हत्यारांचा शौकीन होता. त्याने एकदा गंमत म्हणून काकूंना आपल्या क्लबच्या प्रदर्शनाला नेलं. काकू पोळीभाजीचा डबा घेऊन गेल्या. एका टेबलावर एक विक्रेता कुणाला तरी रिव्हॉल्व्हर दाखवत होता, गिऱ्हाइकाचा हात खिशात जायच्या बेतात होता. काकू मागून म्हणाल्या, याचं सिलिंडर, हा काडतुसांचा फिरता गोल, याचं नाही. विक्रेता हसला. काकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, सांगाड्याच्या कडा झिजल्यात आणि सिलिंडरच्या कडा धारदार आहेत. एकत्र म्हातारे झालेले नाहीत हे दोघं. आतले नंबर पडताळले तर खरंच वेगळे निघाले. गिऱ्हाइकाचा हात खिशातून रिकामा बाहेर आला. फोरमन नंतर मला सांगायचा, "मला वाटलं होतं ही कंटाळेल आणि लवकर घरी चल म्हणेल." त्या दिवशी प्रदर्शन बंद झाल्यावर काकूंना बाहेर काढावं लागलं होतं.

रिव्हॉल्व्हर पारखणं हा काकूंच्या घरात एक विधी होता. आधी बांगड्या आणि अंगठी काढून वाटीत ठेवायच्या, कारण सोन्याने ओरखडा उठतो. मग पांढरे सुती हातमोजे. जेवणाच्या टेबलावर जुनी चादर दुहेरी करून अंथरायची. स्वयंपाकघरातला पंखा बंद, फोन बंद, आणि मी घरात असले तर मीही बंद. एवढं झालं की त्या वस्तूकडे बघायच्या, आणि सगळ्यात आधी स्क्रू बघायच्या. स्क्रूची खाच भोंगळ झालेली असली तर कुणीतरी अडाण्याने आत हात घातलाय. खाच स्वच्छ असली तर पुढे बोलायचं. मग कडा, मग नळीवरची अक्षरं, मग मूठ. निकेलचा मुलामा जुना असला तर तो कुठेकुठे पिवळट पडतो, सोलवटतो, आणि काकूंना तेच हवं असायचं. नव्याने मुलामा चढवून चकाचक केलेलं रिव्हॉल्व्हर समोर आलं की त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी वरणात साखर घातली.

मालक गोष्ट सांगायला लागला की काकू एक बोट वर करत. हे अमुक सेनापतीचं, हे तमुक युद्धातलं, हे आमच्या आजीच्या उशाखाली सापडलं. "गोष्टीला वजन नसतं," त्या म्हणत. "वस्तू ठेवा आणि चहा घ्या." त्यांनी दिलेलं मत कधी गोड नसे, पण ते कुणी खोडूनही काढत नसे. क्लबातले मोठमोठे दाढीवाले ट्रकवाले आणि शेतकरी या पाच फुटी बाईसमोर हात मागे बांधून उभे राहायचे. मला तो देखावा फार आवडायचा. अभ्यासाचं कारण सांगून मी दाराआड उभी राहून बघायची.

एकदा मी त्यांच्यावर उपकार करायला गेले. देवघरातला तांब्या काळवंडला होता. त्या बाहेर गेलेल्या असताना मी तो चिंच आणि मीठ लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. काकू आल्या, तांब्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसल्याच. त्यांच्या आजेसासूपासूनचा काळेपणा मी एका दुपारी धुऊन टाकला होता. त्या रागावल्या नाहीत, तेच वाईट. नुसत्या म्हणाल्या, "आता तो कुणाचाच नाही गं." चार दिवस त्यांनी तो तांब्या माझ्या खोलीत ठेवला, मी त्याच्याकडे बघावं म्हणून.

मंडळाच्या गणपतीत तर दरवर्षी काहीतरी व्हायचंच. एका वर्षी नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी शिवकालीन कट्यार आणली होती, मखमलीत गुंडाळून. ऑनलाइन घेतलेली, सोबत प्रमाणपत्र. सगळे हात जोडून बघत होते. काकूंनी बांगड्या उतरवल्या तेव्हाच आम्ही समजलो. त्यांनी मूठ उलटी करून पाहिली आणि अगदी मायेने विचारलं, घरी पपई आणता का तुम्ही? ती कापायला बरी आहे ही. ते गृहस्थ पुढच्या वर्षी येणार नाहीत असं वाटलं होतं, पण आले, आणि पपई घेऊन आले. माणूस चांगला निघाला.

माझं लग्न ठरण्यातही हाच हिशेब लागला. मी युनिव्हर्सिटीतल्या एका मित्राला घरी जेवायला बोलावलं. पुण्याचा मुलगा, आयटीतला, घाबरलेला. काकूंनी त्याला समोर बसवलं आणि जेवण होईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. तो बिचारा तीनदा भात घेऊन बसला. तो गेल्यावर मी विचारलं, कसा वाटला? काकू ताटं उचलत म्हणाल्या, "स्क्रू शाबूत आहेत. कुणी वरून पॉलिश केलेलं नाही. थोडा गंज आहे, तो राहू दे." मी हे वाक्य आईला फोनवर जसंच्या तसं सांगितलं, तेव्हा तिने फोन बाबांकडे दिला.

या सगळ्यात तो फोरमन, म्हणजे काकूंना पहिल्यांदा प्रदर्शनाला नेणारा, दर शनिवारी दुपारी घरी यायचा. तोवर तो ऐंशीच्या पुढे गेला होता. मी त्याला आजोबा म्हणायची आणि त्याला ते आवडायचं. 'काकू' हे बाईंचं नावच आहे असा त्याचा पक्का समज होता. "काकू, मेट" अशी हाक मारत तो मागच्या दाराने आत यायचा आणि चकलीचा डबा स्वतःच काढून घ्यायचा. त्याच्या तिजोरीतही एक रिमफायर रिव्हॉल्व्हर होतं. पाच काडतुसांचं, छोटं, निकेल चढवलेलं. त्याच्याबद्दल काकूंना सगळं माहीत होतं आणि ते त्यांनी कधीही पाहिलं नव्हतं.

माहीत होतं, कारण त्याची गोष्ट कारखान्यात चहाच्या सुट्टीत तो सगळ्यांना सांगत आला होता. त्याचा पणजोबा म्हणे बुशरेंजर होता. म्हणजे इथला घोड्यावरचा दरोडेखोर. रानात लपायचं आणि खाणीतून निघालेल्या सोन्याच्या गाड्या लुटायच्या. याच रिव्हॉल्व्हरच्या जोरावर त्याने बॅलरॅटच्या रस्त्यावर एक गाडी अडवली, एका बाईची लग्नाची अंगठी तेवढी परत केली, आणि निसटला. त्याचा घोडा बादलीतून चहा प्यायचा. पोलिसांनी त्या घोड्याला पकडलं तेव्हा चहा मिळेपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि तेवढ्यात पणजोबा डोंगरापार झाला. आजोबा हे सांगायला लागला की त्याचे डोळे लहान मुलासारखे व्हायचे. काकू या एका माणसापुरतं बोट वर करत नसत. "तो मला वस्तू कुठे दाखवतोय," त्या म्हणत. "वस्तू आली की बघू."

मग एका शनिवारी वस्तू आली. आजोबा कुलूपबंद पेटी घेऊन आला आणि चकलीच्या डब्याकडे गेलाच नाही. महिनाअखेरीस त्याच्या घराण्यातले सगळे एकत्र जमणार होते, मुलं, नातवंडं, पुतणे, त्यांची पोरं. तिथे तो हे रिव्हॉल्व्हर नातीकडे सोपवणार होता. तिने त्यासाठी लायसन्ससुद्धा काढलं होतं. पण त्याचा एक पुतण्या कधीपासून म्हणत होता की ही बुशरेंजरची गोष्ट थाप आहे. आजोबाला सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं होतं की काकूने बघितलंय आणि काकू म्हणते खरं आहे. "तू म्हणालीस की मग कुणी बोलणार नाही," तो म्हणाला. इतकी वर्षं त्याने ते का दाखवलं नव्हतं हेही त्याने सांगून टाकलं. तो काकूंच्या डोळ्यांना घाबरत होता.

काकूंनी बांगड्या काढायला सुरुवात केली. आजोबाला ते बघवेना, म्हणून मी त्याला मागच्या अंगणात नेलं. आम्ही लिंबाच्या झाडापाशी उभे राहिलो. तो नातीबद्दल बोलत होता, मध्येच थांबून खिडकीकडे बघत होता. मला त्याची फार दया आली. इतका मोठा माणूस, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा घाम पुसत होता.

आणि बऱ्याच वेळाने खिडकीतून तुपात रवा भाजल्याचा वास आला. मी उडीच मारली. काकू शिरा फक्त आनंदाच्या बातमीला करत. मी पास झाले तेव्हा केला होता, व्हिसा आला तेव्हा केला होता. मी आजोबाला सांगितलं की हा गुड न्यूजचा वास आहे. त्याने डोळे मिटून तो वास आत ओढला आणि माझा हात असा दाबला की बोटं दुखली.

आत गेलो तर टेबलावर तीन वाट्या मांडलेल्या, शिऱ्यात बेदाणे, केशर. काकूंचा चेहरा उजळला होता. त्यांनी आजोबाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि आपल्या स्वच्छ, ठाशीव इंग्रजीत त्याचं अभिनंदन केलं. तुझा पणजोबा दरोडेखोर नव्हता, म्हणाल्या. त्यांनी टॉर्च आडवा धरून नळीवरची झिजलेली अक्षरं वाचली होती. तिथे पेटंटची तारीख होती आणि ती आजोबा सांगत आलेल्या दरोड्याच्या सालाच्या कितीतरी वर्षांनंतरची होती. म्हणजे ज्या दिवशी गाडी लुटली त्या दिवशी हे रिव्हॉल्व्हर जगात जन्मलंच नव्हतं. नळीतले आटेही जवळपास कोरे होते. याने कुणाला मारलेलं असण्याची शक्यता फारच कमी. "तुमच्या घराण्यावर डाग नाही," काकू म्हणाल्या, आणि शिऱ्याची वाटी पुढे केली.

आजोबा वाटीकडे बघत राहिला. मग त्याने टोपी उचलली, काकूंना थँक्यू म्हटलं, आणि मागच्या दाराने निघून गेला. पेटी टेबलावर तशीच राहिली. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तरी काकू वाटी हातात धरून उभ्याच होत्या.

"अगं, याला झालं काय?" त्यांनी मला विचारलं.

मला कळलं होतं. माझ्या वर्गात एकीला शोधता शोधता सापडलं की तिचा खापरपणजोबा मेंढ्या चोरून बेड्या घालून या देशात आला होता. तिने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी केक आणला होता. मी काकूंना ते सांगितलं, इथल्या लोकांना घराण्यात एखादा चोर असला की किती अभिमान वाटतो ते सांगितलं. काकू ऐकत गेल्या आणि त्यांचं तोंड उघडं पडत गेलं. "म्हणजे आपल्याकडे पणजोबा मामलेदार होता म्हणून थापा मारतात," त्या म्हणाल्या, "आणि इथे दरोडेखोर होता म्हणून?" मी हो म्हटलं. त्यांनी शिऱ्याकडे पाहिलं. एवढं तूप घालून आपण माणसाच्या काळजात सुरी खुपसली हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

पेटी त्यांनी आपल्या तिजोरीत ठेवली आणि क्लबला फोन करून तसं कळवलं. आजोबा फोन उचलत नव्हता. पुढचे काही दिवस घरात फोडणीचासुद्धा आवाज आला नाही. एकदा दिलेलं मत काकूंनी जन्मात परत तपासलं नव्हतं. पण त्या आठवड्यात मी युनीतून आले की चादर अंथरलेली, बांगड्या वाटीत, आणि काकू टॉर्च घेऊन रिव्हॉल्व्हरवर ओणवलेल्या. मी विचारलं, काय शोधताय? "माझी चूक," त्या म्हणाल्या. "मला चुकायचंय गं, पण ही तारीख काही हलत नाही."

चूक सापडली नाही. सापडलं ते दुसरंच. रिमफायरचा हॅमर काडतुसाच्या किनारीवर टोला मारतो. सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात काडतूसच नसलं तर तो टोला थेट सिलिंडरच्या कडेवर बसतो आणि तिथे खळी पडते. या सिलिंडरच्या पाचही घरांच्या कडांवर अशा खळ्याच खळ्या होत्या, एकीवर एक, अगदी चेंदामेंदा. संग्राहकाच्या दृष्टीने हा मोठाच दोष. पहिल्या दिवशी काकूंनी तो बघून मनातल्या मनात किंमत उतरवली होती आणि विषय संपवला होता. आता त्या खळ्यांपाशी थांबल्या. कोणता शहाणा माणूस रिकामं रिव्हॉल्व्हर इतक्या वेळा दाबेल? मग त्यांना निकेल दिसलं. मोठा माणूस मूठ धरतो, मुलामा मुठीजवळ झिजतो. इथे नळीच्या खालच्या बाजूनेही झिजला होता. एका हाताला वजन न पेलणाऱ्याने, दोन्ही हातांनी धरल्यासारखा.

"याच्याशी पोरं खेळलीत," काकू म्हणाल्या. "दोन-चार दिवस नाही. वर्षानुवर्षं खेळलीत."

मीच गाडी चालवत त्यांना आजोबाच्या घरी घेऊन गेले. तो दारातच उभा राहिला, आत या म्हणाला नाही. काकूंनी उभ्या उभ्या त्याला खळ्यांचं सांगितलं. तो आधी नुसता ऐकत होता. मग त्याने आपला उजवा हात वर केला आणि त्याच्याकडे बघितलं. तो आणि त्याची थोरली बहीण, दोघंच असायची त्या शेतावर, तो म्हणाला. मेंढ्यांच्या गोठ्यामागे रोज दरोडा पडायचा. बहीण अजून आहे, जीलाँगला असते. काकू म्हणाल्या, येत्या शनिवारी तिला माझ्याकडे जेवायला घेऊन ये. आणि जरा घुटमळून म्हणाल्या, या वेळी शिरा करणार नाही.

बहीण आली. नव्वदीला टेकलेली, चिमणीएवढी, लाल लिपस्टिक लावलेली, काठी टेकत पण कुणाचा हात न घेता. काकूंनी तिला वांग्याचं भरीत वाढलं, ते तिने चमच्याने आइस्क्रीमसारखं खाल्लं. जेवण झाल्यावर काकूंनी चादर अंथरली आणि पेटी उघडली. म्हातारीने चष्मा सावरला.

"अजून आहे हे?" ती म्हणाली. काकूंनी भिंगातून खळ्या दाखवल्या. तिने भिंग डोळ्याला लावून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. यातल्या निम्म्याहून जास्त माझ्या, म्हणाली.

आजोबा तिच्या शेजारी बसला होता. त्याने खाली बघत तिला सांगितलं की काकूच्या मते पणजोबाने हे वापरलेलंच नाही, तारीख जुळत नाही. आणि मग जे त्याला आम्हाला सांगता आलं नव्हतं ते म्हणाला. मी आता सगळ्यांसमोर काय सांगू?

म्हातारी त्याच्याकडे बघत राहिली. आम्हाला वाटलं तिलाही वाईट वाटलं असेल. पण ती चकित झाली होती.

"तुला अजून ते खरं वाटतं?" तिने विचारलं.

मग ती आम्हाला सांगू लागली, काकूंना आणि मला, जणू तो तिथे नव्हताच. त्यांचा पणजोबा पाव भाजायचा. साधा बेकर होता. रिव्हॉल्व्हर त्यांच्या वडिलांनी कुठल्याशा शेतावरच्या लिलावात, फाटकाच्या बिजागऱ्यांच्या खोक्यात मिळालं म्हणून आणलं होतं. बिजागऱ्या पुढे चांगल्या टिकल्या. त्याच हिवाळ्यात त्यांची आई इस्पितळात गेली आणि बरेच महिने परत आली नाही. वडील मेंढ्या घेऊन दूर जात. घरात ही दोन पोरं. धाकटा झोपायचा नाही. चोर येतील म्हणून रडायचा. तेव्हा हिने त्याला सांगितलं की या घरात चोर येत नसतात, सगळ्या चोरांना ठाऊक आहे की हे बुशरेंजरचं घर आहे. बघ, हे त्याचं रिव्हॉल्व्हर. ती रोज थोडी थोडी गोष्ट वाढवत गेली. अंगठी तिची, बॅलरॅटचा रस्ता तिचा. आई घरी आली, मोठी झाली दोघं, हिला वाटलं तो विसरला असेल.

आजोबाने मान वर केली. "आणि घोडा? चहा पिणारा?"

"घोडा तू होतास," ती म्हणाली. "आणि तुला चहा आवडायचा."

आधी काकू हसल्या. त्या हसल्या की टेबल हलायचं, ते हललं. मग मी हसले. आजोबा आमच्याकडे आळीपाळीने बघत होता, आणि मग तो पोटातून जो हसू लागला तो थांबेना. खोकला आला तरी हसत होता, डोळे पुसत होता, परत हसत होता. काकूंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हातारी मात्र गंभीर झाली होती. तिने आपला बारीकसा हात त्याच्या हातावर ठेवला. त्याची गोष्ट गेली आणि ती आपल्यामुळे गेली, हे बहुतेक तिला तेव्हा जाणवलं.

थोड्या वेळाने तिने काकूंना विचारलं, बाजारात याचं काय येईल? काकूंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, पण त्या काकूच होत्या. खरं तेच सांगितलं. फारसं नाही. कडा ठोकलेल्या आहेत, मुलामा गेलाय, जातही साधी. घेणारा आधी या खळ्या बघेल आणि खाली ठेवून देईल. "पण मी हे माझ्या तिजोरीतल्या कुठल्याही रिव्हॉल्व्हरशी बदलून घेतलं असतं," त्या म्हणाल्या, "यांनी दिलं असतं तर." हे त्या इंग्रजीत म्हणाल्या, मग मराठीतही पुटपुटल्या, स्वतःशीच.

म्हातारीने ते ऐकलं आणि भावाकडे वळली. तिच्यापुढे तो ऐंशीचा नव्हताच, हे तिच्या आवाजावरून कळत होतं.

"परवा सगळे जमतील तेव्हा काय सांगू म्हणून झोप लागत नाहीये का तुला?"

त्याने हो म्हटलं.

"मग नवीन सांगू एक?"

आजोबाने नाक पुसलं. खुर्ची तिच्याजवळ ओढली, दोन्ही कोपर टेबलावर टेकवले, आणि अगदी ठामपणे म्हणाला, "सांग. पण या वेळी बुशरेंजर मी."